पायाखालचा ग्रंथ

लालबागेंत एका जुन्या चाळीच्या जागीं नवी इमारत व्हावयाची आहे. पाया घालण्यापूर्वीं तेथें जमिनीस खोल छिद्रें पाडून परीक्षा चालली होती. निघालेल्या दगडाच्या कांड्या पेटींत क्रमानें मांडल्या होत्या: वर भराव, मग चिकणमाती, मग मुरूम आणि तळाशीं काळा पाषाण. त्याच चाळींत वाढलेली आमच्या स्नेह्यांची नात भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी आहे. ती पेटीपाशीं रमली, तोंच आजोबा आम्हांस म्हणाले, "दगड शिकून पोरीचें काय व्हावयाचें?"

हा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो. म्हणून त्याचा येथें विचार करूं.

महाविद्यालयांत, उदाहरणार्थ धोबीतलावावरील सेंट झेवियरमध्यें, या शास्त्राचा विद्यार्थी प्रथम पाहावयास शिकतो. खनिजाचा रंग, काठिण्य व स्फटिकाचा आकार तो पारखतो, दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून त्याची घडण ओळखतो. मग हातोडी, भिंग व होकायंत्र घेऊन डोंगर चढतो, थरांचा कल मोजतो आणि नकाशा काढतो.

एवढें शिकल्यावर मुंबई निराळीच दिसूं लागते. पेटींतला काळा पाषाण म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेला लाव्हा. वरळीच्या टेकडींत लाव्ह्याच्या थरांमध्यें गाळाचे थर आहेत. त्यांत सांपडलेल्या चिमुकल्या बेडकांचें वर्णन रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालीं केलें. म्हणजे दोन उद्रेकांमधील शांततेंत येथें पाणी होतें आणि जीव नांदत होते. १८८० सालीं खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकच्या खोदाईंत चिखलाखालीं उभीं झाडें निघालीं. जमीन खचल्याची ती साक्षच होय.

परंतु हें केवळ कुतूहल नव्हे. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळून दीडशेंच्या आसपास माणसें दगावलीं. २०२३ सालीं रायगड जिल्ह्यांत इरशाळवाडीवर तसाच घाला आला. पाऊस अडविणें कोणाच्या हातीं नाहीं. पण कोणता उतार झिजून मऊ झाला आहे, पाणी कोठें मुरतें, वस्ती कोठें नसावी, हें जाणत्यास वाचतां येतें. विहिरीस पाणी कोठें लागेल आणि इमारतीचा पाया किती खोल न्यावा, हेंही तोच सांगतो. असे जाणते आपल्याच घरांतून निघावयास हवेत.

आम्ही हें आजोबांस सांगितलें. ते क्षणभर गप्प राहिले. मग पेटीपाशीं जाऊन नातीस म्हणाले, "आपली चाळ कोणत्या दगडावर उभी होती, तें दाखव पाहूं."