परिचारिकेची पहिली नोकरी आणि विशेष प्रशिक्षण

शुश्रूषेचे शिक्षण पुरे झाले आणि परिषदेच्या नोंदपुस्तकात नाव दाखल झाले, म्हणजे मुलीच्या घरची निम्मी चिंता सरते. उरलेली निम्मी असते ती नोकरीची. अशा वेळी कोणीतरी सुचवितो की, अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह किंवा कर्करोग यांपैकी एखाद्या विषयाचे आणखी एक वर्षाचे प्रशिक्षण घ्यावे, म्हणजे नोकरी चालत येईल. सिल्वासाच्या टोकरखाडा भागातील मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न आता दूरचा नाही. ७ मार्च २०२५ रोजी सिल्वासा येथे ‘नमो’ रुग्णालयाच्या ४५० खाटांच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. एवढे मोठे रुग्णालय गावातच उभे राहिल्यावर मुलींच्या मनात आशा उत्पन्न व्हावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु आणखी एक वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाचे शुल्क आणि एका वर्षाच्या वेतनावर पाणी. तेव्हा हा निर्णय विचारपूर्वकच घ्यावयास हवा.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर नियमांतच सापडते. भारतीय परिचर्या परिषदेने आखलेल्या एक वर्षाच्या विशेष पदविकांसाठी उमेदवार नोंदणीकृत परिचारिका असावी लागते. शिवाय तिला रुग्णसेवेचा किमान एक वर्षाचा अनुभव असावा, अशीही अपेक्षा असते. याचा अर्थ उघड आहे. आधी नोकरी आणि मग विशेष प्रशिक्षण, हाच क्रम योजनाकारांनी गृहीत धरला आहे. सरकारी भरतीचा कलही तोच. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांच्या सामायिक भरती परीक्षेस बी.एस्सी. झालेल्या परिचारिकेला अनुभवाची अट नाही. तीन वर्षांची पदविका घेतलेलीला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. विशेष पदविका दोघींनाही सक्तीची नाही.

यामागील कारण रुग्णाच्या खाटेपाशी गेल्यावर कळते. श्वासाची गती वाढली आहे, लघवीचे प्रमाण घटले आहे, सलाईनचे थेंब फार वेगाने पडत आहेत, या गोष्टी वेळीच ध्यानात येणे हा साऱ्या शुश्रूषेचा पाया होय. सर्वसाधारण कक्षात तीन पाळ्यांत, निरनिराळ्या रोग्यांमध्ये वावरल्यावाचून ती नजर येत नाही. ती नसताना अतिदक्षता विभागातील यंत्रे हाताळू लागलेली परिचारिका यंत्राचा आकडा वाचील. पण रोग्याचा चेहरा तिला वाचता येणार नाही. म्हणून वडीलधाऱ्या परिसेविका नवख्या मुलीला प्रथम साध्या कक्षात घडवू पाहतात.

याला अपवाद आहे, तो जेथे पदासाठीच ते प्रशिक्षण नेमून दिलेले असते तेथे. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली गावोगावच्या आरोग्य केंद्रांसाठी समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झाले. परिचारिकांना त्यासाठी सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम ठरविण्यात आला, पुढे बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमातच तो अंतर्भूत झाला. दादरा व नगर हवेलीसारख्या आदिवासीबहुल मुलखात, जेथे सिकलसेलसारख्या आनुवंशिक विकाराची तपासणी आणि समजावणी घरोघर करावी लागते, तेथे अशा शिक्षणाचे मोल मोठे आहे. वारली किंवा कोकणी बोलणाऱ्या आईशी तिच्याच बोलीत बोलता येणे, ही तर कोणत्याही प्रमाणपत्रावर न छापलेली पात्रता होय.

तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात. अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे काय? प्रत्यक्ष रुग्णांवर काम करण्यासाठी त्याला पुरेशा खाटांचे रुग्णालय जोडलेले आहे काय? आणि ज्या पदाची इच्छा आहे, त्याच्या जाहिरातीत हे प्रशिक्षण मागितले आहे काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली, तर पैसे सत्कारणी लागतील. एकही नकारार्थी आले, तर मिळेल त्या चांगल्या रुग्णालयात साध्या कक्षाची नोकरी पत्करणे अधिक शहाणपणाचे. तातडीच्या जीवरक्षणाचे छोटे प्रशिक्षण थोड्या दिवसांत पुरे होते. ते नोकरी सांभाळूनही घेता येते.

वर्ष-दीड वर्ष काम केले की, आपला हात कोणत्या सेवेत बसतो, हे परिचारिकेला स्वतःलाच उमगते. लहान बाळे असोत, शस्त्रक्रिया असो वा मनोरुग्ण असोत, त्या वेळी घेतलेले विशेष शिक्षण तिला पुढची पायरी चढविते. पहिली पायरी मात्र नोंदणी आणि अनुभव यांचीच असते.