शिंगराचे खूर : नालबंदांसाठी नव्या कामाची वाट

नालबंदी हा आपल्याकडील फार जुना हुन्नर आहे. मराठेशाहीत शिलेदाराला घोड्याच्या नालेच्या नावाखाली जी आगाऊ रक्कम मिळे, तिलाच 'नालबंदी' म्हणत. महाराष्ट्रातील कितीतरी मुस्लिम कुटुंबांचे आडनाव आजही नालबंद आहे. परंतु आडनाव राहिले आणि धंदा सुटला, असेच बहुतेक घरांत झाले. गावोगावचे टांगे रिक्षांनी बंद पाडले, बैलांची कामे ट्रॅक्टरने घेतली. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर असून वर्षभरात बंद कराव्यात, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जून 2015 मध्ये दिला.

मग हा धंदा संपला काय? आमच्या मते संपला नाही, त्याची जागा बदलली. शर्यतीचे तबेले व घोडेस्वारीचे क्लब यांच्याबरोबरच घोड्यांची पैदास करणारे स्टड फार्म हे कामाचे मोठे ठिकाण आहे. पुण्याजवळ हडपसरचा पूनावाला स्टड फार्म 1946 पासूनचा आहे. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. स्टड फार्मवरील बहुतेक जनावरांना नाल नसतेच. तेथील खरे काम खूर तासण्याचे आहे, आणि ते ठरलेल्या वेळीच करावे लागते.

वेळेला एवढे महत्त्व का?

शिंगराचे हाड टोकाजवळच्या कूर्चेच्या थरातून वाढते. हा थर मऊ आहे तोवरच वाकडा पाय सरळ होऊ शकतो. खुराच्या वरच्या पहिल्या सांध्याजवळची ही वाढ साधारण तीन-चार महिन्यांत जवळजवळ थांबते. गुडघ्याजवळची वाढ दोन वर्षांच्या पुढेपर्यंत चालते, पण तिचा जोरही पहिल्याच वर्षात अधिक असतो. म्हणजे खालच्या सांध्याचा दोष सहाव्या महिन्यात दाखवला तर नालबंदाच्या हातात फारसे काही उरत नाही. पाय वाकडा राहिला तर वजन एकाच बाजूला पडते, सांधा लवकर झिजतो आणि विक्रीच्या वेळी जाणकार गिऱ्हाईक सर्वप्रथम पायच पाहतो. मालकाची अकरा महिन्यांची वाट आणि सारा खर्च त्या चार खुरांवर उभा असतो.

तासणी केव्हा व कशी?

जन्मताना शिंगराच्या खुराखाली मऊ, रबरासारखे आवरण असते. ते चालता चालता आपोआप झडते, त्याला हात लावू नये. पहिल्या आठवड्यापासून रोज काही क्षण एकेक पाय उचलून धरण्याची सवय लावावी. पहिली तासणी चार ते सहा आठवड्यांच्या वयात करावी व पुढे दर चार आठवड्यांनी. या वयात सुरीपेक्षा कानशीचेच काम जास्त.

तासण्यापूर्वी शिंगरू सपाट जमिनीवर समोरून, मागून व बाजूने पाहावे, चालवून पाहावे. पाय बाहेर वळत असेल तर खुराची बाहेरची कड किंचित उतरवतात, आत वळत असेल तर आतली. पण नवजात शिंगराचे गुडघे थोडे आत असतात आणि छाती रुंदावली की पुष्कळदा आपोआप सरळ होतात. म्हणून घाई करून जास्त कापणे हा मोठा अपराध होय. दोष ठळक असेल तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय कानस उचलू नये.

दोन ते सहा महिन्यांच्या वयात टाच उंच होऊन खूर उभा दिसू लागला, तर मागची स्नायूदोरी आखडत आहे असे समजावे. अतिखुराकाने झपाट्याने वाढणाऱ्या शिंगरांत हे अधिक आढळते. अशा वेळी तासणीबरोबर दाणाही कमी करावा लागतो.

घोडी व वळू

घोडीचे खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावेत. गाभण घोडीचे वजन वाढलेले असते, तेव्हा तिचा पाय फार उंच किंवा फार वेळ धरू नये. कळपातील घोड्यांच्या मागच्या पायांना नाल ठेवू नये, कारण एका लाथेत शिंगराचे हाड मोडू शकते. फळवण्याच्या वेळी घोडीच्या मागच्या नाला काढण्याची रीत लाथेच्या भीतीमुळेच आहे.

व्यायल्यानंतर वार तीन तासांत पडली नाही तर ताबडतोब पशुवैद्याला बोलवावे. गर्भाशयातील विष रक्तात भिनून खुराच्या आतला थर सुजतो व घोडी कायमची लंगडी होऊ शकते. खूर गरम लागणे, पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेणे, ही त्याची लक्षणे. तासायला गेलेल्या नालबंदाच्या हातालाच ती कित्येकदा पहिल्यांदा कळतात.

पावसाळ्यात तळव्याच्या मधली त्रिकोणी गादी कुजते, काळा घाण वासाचा द्रव येतो. ओला तबेला हेच त्याचे कारण. रोज खूर साफ करणे व कोरडे अंथरूण हा पहिला इलाज, औषध नंतर. बायोटिनसारख्या पूरक खाद्याचाही लगेच परिणाम दिसत नाही. मोठ्या घोड्याचा खूर महिन्याला अंदाजे 8 ते 10 मिलिमीटर वाढतो, त्यामुळे पुढची भिंत वरपासून खालपर्यंत नवी व्हायला नऊ महिने ते वर्ष लागते.

धंद्याचा हिशेब

नालेमागे पैसे घेण्याची जुनी रीत येथे चालत नाही. जनावरांची संख्या धरून महिन्याचा ठराव करावा. प्रत्येक शिंगराची जन्मतारीख, तासणीची तारीख व पायाचा दोष यांची वही ठेवावी. ही वही आपली पत वाढवते, आणि दुसरा माणूस आला तरी शिंगराची पाळी चुकत नाही. मीरतला लष्कराच्या रिमाउंट व्हेटरिनरी कोअरच्या केंद्रात लष्करी नालबंद तयार होतात, तर ब्रुक इंडिया ही संस्था ओझ्याच्या जनावरांसाठी नालबंदांना शिकवते. ज्या घरात हा हुन्नर जाणणारे वडीलधारे अद्याप आहेत, तेथील तरुणांनी प्रथम त्यांच्याकडून पाय धरायला शिकावे आणि हाडांचे ज्ञान पशुवैद्याकडून घ्यावे. ऐरण व भाता नसतानाही चालणारे हे काम आहे. भांडवल थोडे लागते, पण महिन्याची तारीख पाळणारा माणूस मात्र हवा.