क्युरी, बेकरेल आणि ३७

'३७,००० बेकरेल' म्हटलं की छातीत धस्स होतं. '१ मायक्रोक्युरी' म्हटलं की किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही एकच! काही स्मोक डिटेक्टरमध्ये साधारण तेवढंच अमेरिशियम असतं.

सेकंदाला एका अणुकेंद्राचं विघटन म्हणजे १ बेकरेल. क्युरी मात्र ठरला १ ग्रॅम रेडियमवरून: सेकंदाला ३,७०० कोटी विघटनं. म्हणून मी ३७ एवढाच आकडा पाठ ठेवतो. मिलिक्युरी गुणिले ३७ म्हणजे मेगाबेकरेल, मायक्रोक्युरी गुणिले ३७ म्हणजे किलोबेकरेल. उलट जायचं तर भागा.

पण शरीराला धोका किती, हे या दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी सिव्हर्ट हे एकक. आपल्या अंगातल्या पोटॅशियमचेच सुमारे ४,००० बेकरेल भरतात! तेव्हा बातमीतला आकडा वाचताना आधी एकक बघा, घाबरायचं की नाही ते मग ठरवू.