क्षयाने गाठलेले वैद्य

क्षयाने नेलेल्या नामवंतांत कवी आहेत, राजे आहेत, तत्त्ववेत्ते आहेत. परंतु माझे मन त्यांतील एका लहानशा वर्गापाशी वारंवार थबकते, आणि तो वर्ग म्हणजे आपल्याला काय झाले आहे हे ज्यांना दुसऱ्याने सांगावे लागले नसते अशा वैद्यांचा.

पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात १८१६ साली कागदाच्या गुंडाळीतून रुग्णाचे हृदय ऐकणाऱ्या, आणि त्या गुंडाळीचीच पुढे स्टेथोस्कोपची लाकडी नळी करणाऱ्या रेने लाएनेक यांनी क्षयग्रस्त फुप्फुसाचे ध्वनी १८१९ च्या ग्रंथात सविस्तर वर्णिले, आणि सात वर्षांनी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला.

जॉन कीट्सला आपण कवी म्हणून ओळखतो. परंतु लंडनच्या गाय्ज रुग्णालयात शिकून त्याने औषधोपचाराचा परवानाही मिळविला होता, आणि धाकट्या भावाची शुश्रूषा करता करता १८१८ च्या डिसेंबरात त्याचा मृत्यूही पाहिला होता. म्हणूनच ३ फेब्रुवारी १८२० च्या रात्री खोकल्यासरशी चादरीवर रक्त पडताच त्याने मेणबत्ती मागविली, तो रंग निरखला, आणि हे धमनीतले रक्त म्हणजे आपल्या मृत्यूचे फर्मान होय, असे मित्राला शांतपणे सांगितले. वर्षभराने, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, रोममध्ये तो वारला. त्या मेणबत्तीच्या उजेडात विद्येने त्याला ज्ञान दिले, दिलासा दिला नाही.

अंतोन चेखॉव्ह यांना रक्त पडू लागले ते डॉक्टरकीची पदवी मिळाली त्याच वर्षी, १८८४ मध्ये. तरी १८९७ पर्यंत ते स्वतःची तपासणी टाळीत राहिले. त्यांना दोष देण्यास माझे मन धजत नाही, कारण त्या काळी निदानापुढे इलाजच नव्हता.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला खरा. परंतु त्या जंतूला मारणारे स्ट्रेप्टोमायसिन हाती यावयास १९४३ साल उजाडावे लागले. या दोन सालांच्या मधल्या निरुपाय काळातच आमच्या आनंदीबाई जोशी सापडल्या. १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघून, परक्या थंडीत खंगत्या देहानिशी अभ्यास करून, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक केली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी डोळे मिटले, तेव्हा बावीस वर्षे पुरी व्हावयास महिनाभर उरला होता, आणि कामावर रुजू होणे राहूनच गेले.