उष्ण व शीत तापमानातील जीवाणूंची विकरे

विकर अथवा एन्झाइम हे सजीवांतील रासायनिक अभिक्रियांचा वेग वाढवणारे, बहुधा प्रथिन स्वरूपाचे रेणू होत. अतिउष्ण किंवा अतिशीत ठिकाणी राहणाऱ्या जीवाणूंची विकरे त्या तापमानातही कार्यक्षम राहतात. साधारणतः ४५ अंश सेल्सिअसच्या वर उत्तम वाढणाऱ्या जीवाणूंना उष्णताप्रिय, तर शून्याच्या आसपासही वाढू शकणाऱ्यांना शीतप्रिय म्हणतात.

मूळ अडचण

विकराचे कार्य त्याच्या घडीवर अवलंबून असते. अमिनो आम्लांची साखळी विशिष्ट आकारात दुमडली म्हणजे क्रियास्थान तयार होते. ही घडी टिकवणारे बंध एकेकटे दुर्बल असल्याने उष्णतेने ती उलगडते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक थंड केला तरी पुन्हा पातळ होत नाही, तो याच कारणाने. थंडीत अडचण उलटी असते. तेथे घडी सहसा मोडत नाही, अभिक्रिया मंदावते. तापमान १० अंशांनी घटल्यास वेग सुमारे निम्मा होतो असे धरले, तर ३७ अंशांवरून ७ अंशांवर येताना तो एक अष्टमांश उरतो.

उष्णतेशी जुळवणी

उष्णताप्रिय विकरांसाठी निराळी अमिनो आम्ले लागत नाहीत. नेहमीच्याच वीस अमिनो आम्लांची मांडणी बदललेली असते. विरुद्ध प्रभारांच्या अमिनो आम्लांमधील आकर्षण, म्हणजे लवणसेतू, बहुधा अधिक असतात. जलविरोधी गाभा घट्ट भरलेला असतो, पृष्ठभागावरील सैल वळणे आखूड असतात आणि काही वळणांत प्रोलिन आल्याने साखळीला ताठपणा येतो. थर्मोलायसिन या प्रथिनपाचक विकराला चार कॅल्शियम आयनांचा आधार असतो. मात्र सर्व विकरांना लागू पडणारा एकच नियम नाही. प्रत्येक कुळाने यांतील वेगवेगळे उपाय कमीअधिक प्रमाणात वापरलेले दिसतात.

या ताठपणाची किंमतही असते. क्रियास्थानाला अभिक्रियेच्या वेळी किंचित हलावे लागते. त्यामुळे ७० अंशांना वेगाने चालणारे विकर खोलीच्या तापमानाला बहुधा सुस्त असते. शीतप्रिय विकरांत नेमके उलट आढळते. अंटार्क्टिकातील स्यूडोअल्टेरोमोनास हॅलोप्लँक्टिस या जीवाणूचे अमायलेज लवचीक असल्यामुळे थंडीत कार्यक्षम राहते, पण थोड्या उष्णतेतच निकामी होते.

महाराष्ट्रातील अधिवास

वाशीम जिल्ह्यात असे जीवाणू पाहण्यासाठी उष्ण झऱ्यापर्यंत जाण्याची गरज नाही. सोयाबीनचे कुटार व शेण यांचा ओलसर, पुरेसा मोठा ढीग रचल्यास जीवाणूंच्या स्वतःच्या चयापचयाने तो आतून तापतो आणि गाभ्याचे तापमान ६० अंशांच्या पुढेही जाऊ शकते. या टप्प्यात सामान्य जीवाणू मागे पडतात. उष्णताप्रिय जीवाणूंची विकरे सेल्युलोज व प्रथिने फोडत राहतात आणि रोगकारक जंतू व तणांचे बी बऱ्याच अंशी नष्ट होते. ढीग कोरडा पडला किंवा हवा मिळेनाशी झाली, की तो थंडावतो. म्हणून पाणी शिंपडणे व ढीग उलथणे ही कामे वरकरणी दिसतात तितकी किरकोळ नाहीत.

नांदेड जिल्ह्यातील पैनगंगेकाठचे उनकेश्वर हा नैसर्गिक अधिवास होय. हीच नदी वाशीम जिल्ह्यातूनही वाहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी उनकेश्वरच्या झऱ्यातील जीवाणूंचा जनुकसंचयाच्या आधारे केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे नाव या संदर्भात पुष्कळदा घेतले जाते. परंतु तेथील टोकाची स्थिती उष्णतेची नसून अल्कलीची व क्षारांची आहे, आणि तेथील विकरांची जुळवणीही मुख्यतः त्यांच्याशी असते.

उपयोग

थॉमस ब्रॉक व हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानाच्या उष्ण झऱ्यांतून मिळवलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जीवाणूचे वर्णन १९६९ मध्ये केले. त्याचे टॅक पॉलिमरेज हे विकर ९५ अंशांनाही काही काळ तग धरते. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर तंत्रात प्रत्येक फेरीत नमुना एवढाच तापवावा लागतो. आधी वापरले जाणारे ई. कोलायचे विकर त्यात नष्ट होई आणि दर फेरीला नव्याने घालावे लागे. टॅकमुळे हे काम यंत्रावर सोपवता आले. या तंत्रासाठी कॅरी मलिस यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोविड-१९ च्या साथीतील आरटी-पीसीआर चाचणी याच तंत्रावर आधारलेली होती. शीतप्रिय विकरांचा उपयोग थंड पाण्यात चालणाऱ्या धुलाई पावडरींत होतो.