मोबाइल वजन करत नाही, हिशेब करतो

बाजारभाव आणि हवामानाबरोबर आता मोबाइल आपल्या अंगाचाही हिशेब सांगू लागला आहे. घरातल्या तरुण पोरांनी आरोग्याचे अ‍ॅप घेतलेले असते. त्यात वजन आणि उंची भरली की 'सामान्य', 'जादा वजन', 'लठ्ठ' असा शेरा येतो. गावच्या अंगणवाडीत सेविकाताईंच्या मोबाइलवर पोषण ट्रॅकर असतो. त्यात बाळाचे वजन-उंची भरली की बाळ कोणत्या श्रेणीत आहे ते कळते. शेतकरी बंधू-भगिनींनो, हा शेरा कसा तयार होतो हे आपण समजून घेतले पाहिजे. कारण त्यावर लहान मुलाचा जादा आहार आणि औषधोपचार अवलंबून आहे.

माती परीक्षणाचा अनुभव आपल्याला आहेच. नमुना बांधावरचा किंवा शेणखताच्या ढिगाखालचा घेतला, तर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी अहवाल चुकीचाच येणार. मोबाइलचेही तसेच आहे. तो काही मोजत नाही. मोजतो आपण. तो फक्त आपण दिलेले आकडे एका तक्त्याशी लावून पाहतो. म्हणून दोन गोष्टी तपासाव्यात. एक, मोजमाप बरोबर झाले का? दुसरी, तक्ता कोणाचा आहे?

मोठ्या माणसांचा हिशेब

मोठ्या माणसांसाठी बहुतेक अ‍ॅप 'बीएमआय' काढतात. हिशेब सोपा आहे. वजन किलोत घ्यायचे, उंची मीटरमध्ये घेऊन तिला तिनेच गुणायचे आणि त्या गुणाकाराने वजनाला भागायचे. उंची १६५ सेंटीमीटर म्हणजे १.६५ मीटर. १.६५ गुणिले १.६५ म्हणजे २.७२. वजन ६६ किलो असेल, तर ६६ भागिले २.७२ म्हणजे बीएमआय २४.२.

आता या माणसाला अ‍ॅप काय म्हणेल? जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण तक्त्यात १८.५ ते २४.९ हा आकडा सामान्य आहे. म्हणजे हा गडी सामान्य ठरला. पण भारतीय डॉक्टरांनी २००९ साली एकमताने ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. त्या तक्त्यात हाच गडी 'जादा वजन' मध्ये बसतो. माणूस तोच, काटा तोच, दोन मोबाइलवर दोन शेरे. फरक फक्त तक्त्याचा.

हे सूत्र मुळात आजाऱ्यांसाठी केलेलेच नव्हते. बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने १८३२ च्या सुमारास लोकसमूहाची सरासरी काढण्यासाठी ते मांडले. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्याला १९७२ साली अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीज यांनी दिले. गोठ्यातल्या जनावराचे वजन आपण टेपने काढतो ना, तसाच हा प्रकार आहे. छातीचा घेर इंचात घेऊन त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचे आणि ६६० ने भागायचे. घेर ७० इंच आणि लांबी ६० इंच असेल, तर वजन साधारण ४४५ किलो येते. अंदाजाला हे ठीक आहे. पण जनावर गाभण आहे की नुकतेच भरपेट पाणी प्यालेले आहे, हे टेपला कळत नाही. तसेच वजन चरबीचे आहे की कष्टाने कमावलेल्या अंगाचे, हे बीएमआयला कळत नाही. तालमीतल्या पैलवानाला तो लठ्ठ ठरवू शकतो.

याची उलट बाजू आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय सारखाच होता, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के चरबी निघाली. दिसायला सडपातळ, पण आत चरबी जास्त, अशी आपल्याकडच्या अनेक माणसांची ठेवण आहे. म्हणून आपल्याकडे कमी वजनावरही मधुमेह होतो. 'मी बारीक आहे, मला साखर कशी होईल' हा भरवसा खोटा आहे.

यासाठी घरच्या घरी कमरेचा घेर मोजावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावावा. पट्टा बांधतो तिथे मोजू नये, तिथे घेर बहुधा कमी भरतो. पुरुषांचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, तर मोबाइल काहीही म्हणो, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

काही घरांत चरबीची टक्केवारी सांगणारे वजनकाटेही आले आहेत. असा काटा पायाच्या तळव्यांतून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडतो आणि अंगातून जाताना त्याला किती अडथळा होतो ते पाहतो. पाणी असलेल्या भागातून प्रवाह सहज जातो, चरबीतून जात नाही. त्यावरून वय, उंची आणि स्त्री की पुरुष हे धरून आकडा काढला जातो. दिवसभर उन्हात राबून अंगातले पाणी कमी झाले, की हा आकडा बदलतो. म्हणून रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी मोजावे आणि एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नये.

अंगणवाडीतील हिशेब

आता मुख्य विषयाकडे येऊ. केंद्र सरकारने १ मार्च २०२१ पासून अंगणवाड्यांसाठी पोषण ट्रॅकर सुरू केला. सेविकाताई त्यात प्रत्येक बाळाची जन्मतारीख, वजन आणि उंची भरतात. अ‍ॅप त्यावरून तीन गोष्टी पाहते. वयाच्या मानाने वजन कमी असेल, तर 'कमी वजन'. वयाच्या मानाने उंची कमी असेल, तर 'खुजेपणा'. उंचीच्या मानाने वजन कमी असेल, तर 'लुकडेपणा'. खुजेपणा म्हणजे फार दिवसांची उपासमार किंवा वारंवारचे आजार. लुकडेपणा म्हणजे बहुतेक वेळा अलीकडचा धोका. यातील अतितीव्र गटालाच आपण 'सॅम' आणि त्याच्या अलीकडच्या गटाला 'मॅम' म्हणतो.

हा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुले मोजली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीची होती. चांगला आहार, आईचे दूध आणि आरोग्याची सोय मिळालेली ही मुले सहाही देशांत जवळपास सारखीच वाढली. म्हणून 'आमची पोरं मुळातच लहान चणीची' हे कारण पाच वर्षांखालच्या मुलांना लावता येत नाही.

तुलना कशी होते? पीक कापणी प्रयोग आणि पैसेवारी आपल्याला नवीन नाही. निघालेले उत्पन्न प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहतात, आणि ५० पैशांच्या रेघेवर सगळ्या गावाचे लक्ष असते. इथेही तसेच आहे. दोन वर्षांच्या मुलग्याची उभी उंची मध्यावर ८७.१ सेंटीमीटर धरली आहे. त्याच्या खाली सुमारे ३-३ सेंटीमीटरच्या पायऱ्या आहेत. एखादा मुलगा ८०.५ सेंटीमीटर भरला, तर तो ६.६ सेंटीमीटरने कमी, म्हणजे सुमारे २.२ पायऱ्या खाली. अ‍ॅप त्याला 'उणे २.२' म्हणते. उणे २ च्या खाली कुपोषण आणि उणे ३ च्या खाली अतितीव्र, अशी ही रेघ आहे. वजनाच्या पायऱ्या सारख्या अंतराच्या नसतात, तो हिशेब अ‍ॅप तक्त्यावरून करून घेते.

चूक कुठे शिरते?

पहिली चूक वयाची. दोन वर्षांच्या म्हणजे २४ महिन्यांच्या मुलग्याची उणे २ ची रेघ ९.७ किलो आहे. २० महिन्यांच्या मुलग्याची तीच रेघ ९.१ किलो आहे. समजा बाळ ९.३ किलोचे आहे. खरे वय २४ महिने भरले, तर ते कमी वजनाचे ठरते. घरच्यांनी अंदाजाने 'दिवाळीत झालाय' म्हणून तारीख सांगितली आणि वय चार महिन्यांनी कमी लागले, तर तेच बाळ सामान्य ठरते. म्हणून जन्मतारीख जन्मदाखल्यावरूनच द्यावी.

दुसरी चूक उंचीची. वरच्या ८०.५ सेंटीमीटरच्या मुलाला चपलेसकट उभे केले आणि दोन सेंटीमीटर वाढले, तर त्याचा खुजेपणा कागदावरून गेला. पण गंमत बघा, उंची खोटी वाढली की त्या उंचीच्या मानाने वजन कमी दिसते, आणि तेच बाळ लुकडे ठरू शकते. एका चुकीने दोन शेरे बिघडतात. दोन वर्षांखालील बाळाला झोपवून आणि त्यावरील मुलाला उभे करून मोजायचे असते. दोन्हींत सुमारे ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो.

तिसरी चूक काट्याची. उंचसखल फरशीवर ठेवलेला, शून्यावर न आणलेला काटा आणि अंगावरचा स्वेटर, एवढ्यानेही पाव-अर्धा किलो सहज इकडचे तिकडे होते. मोठ्या माणसाला त्याने काही होत नाही, पण बाळाची एका पायरीची रुंदीच साधारण एक किलोची असते.

चौथी बाब अ‍ॅपच्या आवाक्याबाहेरची आहे. दोन्ही पावलांवर सूज असेल, तर पाण्यामुळे वजन जास्त भरते आणि शेरा चांगला येतो. पावलावर अंगठा दाबून खड्डा राहिला, तर ते बाळ वजन कितीही असो, अतितीव्र कुपोषित धरतात. त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. तसेच सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, तरी ते सॅममध्ये येते.

शेऱ्यापेक्षा चढ पाहा

एका महिन्याच्या शेऱ्यावर समाधान मानू नका. एक मुलगा २० व्या महिन्यात १०.३ किलोचा होता आणि २४ व्या महिन्यातही १०.३ किलोच भरला. दोन्ही वेळा उणे २ च्या वर, म्हणून शेरा 'सामान्य'. पण चार महिन्यांत बाळाने एक ग्रॅमही धरले नाही! ज्वारीचा ताटवा महिनाभर तेवढाच राहिला, तर आपण पान हिरवे आहे म्हणून गप्प बसतो का? लागोपाठ दोन महिने वजन वाढले नाही, की आशाताई किंवा परिचारिकेला दाखवावे.

पालकांनी आणि गावकारभाऱ्यांनी खालील बाबींकडे लक्ष द्यावे.

१) दर महिन्याला वजनाच्या दिवशी बाळाला अंगणवाडीत न्यावे. कमीत कमी कपडे ठेवावेत, चपला काढाव्यात, डोक्यावरचा अंबाडा सोडावा.

२) आकडा सेविकाताईंना मोठ्याने वाचायला सांगावा आणि माता-बाल कार्डावर लिहून घ्यावा. मागच्या महिन्याशी ताडून पाहावा.

३) ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर जाताना अंगणवाडीत तसे सांगून जावे. पोषण ट्रॅकरमध्ये लाभार्थीची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे देण्याची सोय आहे. नाहीतर सहा महिने बाळाचे वजनच होत नाही.

४) ग्रामपंचायतीने अंगणवाडीचा काटा शिक्क्याच्या वजनाने तपासून घ्यावा. पाच किलोचे वजन ठेवल्यावर काटा पाच किलोच दाखवतो का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. दुरुस्ती, सपाट ओटा आणि भिंतीवरची उंचीची पट्टी यासाठी महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायच्या १० टक्के निधीचा विचार करावा.

५) सॅम बाळ निघाले तर ग्राम बाल विकास केंद्र, आणि आजारी असेल किंवा खात नसेल तर पोषण पुनर्वसन केंद्र, या सोयी आहेत. घरच्यांनी 'आठ दिवस कोण राहणार' म्हणून टाळू नये. गावाने त्यांच्या जनावरांची आणि शेतातल्या कामाची आठ-पंधरा दिवस सोय पाहावी.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. सॅमचा आकडा वाढला की गावाचे नाव खराब होते, वरून विचारणा होते, अशी भीती असते. मग 'ताई, जरा बघून भरा' असा शब्द टाकला जातो. तसे कोणी करू नये. पैसेवारी खोटी जास्त लागली, तर दुष्काळाची मदत कोणाची बुडते? आपलीच. तसेच वजन फुगवून भरले, तर जादा आहार आणि औषध ज्या बाळाला मिळायचे, त्याचेच बुडते. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी सेविकाताईंना खरा आकडा भरायला पाठबळ द्यावे, आणि जास्त बाळे निघाली म्हणून त्यांना बोल लावू नये. येत्या ग्रामसभेत अंगणवाडीच्या वजनाचे तीन महिन्यांचे आकडे मुलांची नावे न घेता वाचून दाखवावेत. कोणत्या वस्तीवर मुले मागे पडली ते कळले, की पुढचे काम सगळ्यांना मिळून करता येईल.