वाकलेला मागचा एक्सल: दाबून सरळ करायचा की बदलायचा?



गॅरेज टाकायचं म्हणणाऱ्या तरुणांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. समजा, शिवाजी पेठेत तुमचं छोटं गॅरेज आहे. सोमवारी सकाळी एक जिप्सी दारात येते. मालक सांगतो, गगनबावड्याकडे कच्च्या रस्त्यावर गेलो होतो, मागचं चाक दगडावर आदळलं, तेव्हापासून गाडी थरथरते. आणि श्वास न घेता पुढचं वाक्य: "भावा, दाबून सरळ करून दे की, नवीन कशाला?"

बहुतेक जण इथं लगेच दर सांगतात. कुणी हजार म्हणतो, कुणी तीन हजार. पण काय वाकलंय हे माहीत नसताना सांगितलेला दर म्हणजे अंधारात मारलेला दगड. या कामात पहिली विकायची वस्तू म्हणजे मोजमाप. दुरुस्ती त्यानंतर.

आधी समजून घेऊ की गिऱ्हाईक ज्याला "एक्सल" म्हणतं, त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. बाहेरून दिसतो तो जाड नळा, मधे डिफरन्शियलचा गोळा, ते हाउसिंग. ते फिरत नाही. त्याच्या आत दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट असतो, तो चाकाला फिरवतो. जिप्सीसारख्या हलक्या गाड्यांत चाक थेट या शाफ्टच्या फ्लँजवर बसवलेलं असतं आणि गाडीचं वजनही शाफ्टच्या टोकावर येतं. याला सेमी-फ्लोटिंग म्हणतात. ट्रकमध्ये बहुधा फुल-फ्लोटिंग असतं: वजन हाउसिंगवरच्या हबनं पेलायचं, शाफ्टनं फक्त फिरवायचं. म्हणून ट्रकचा शाफ्ट तुटला तर गाडी जागेवर उभी राहते, चाक हबवरच असतं. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर तुटला, तर चाक तुकड्यासकट निघून जाऊ शकतं. करूळ किंवा भुईबावडा घाट उतरताना याचा अर्थ काय होतो, ते मी लिहायला नको.

आता निदान. एक साधी खूण पाठ करून ठेवा: चाक फिरताना लडबडत असेल तर शाफ्ट (किंवा रिम), चाक सरळ फिरतंय पण कायम एका बाजूला कललेलं आहे तर हाउसिंग. कारण उघड आहे. शाफ्ट स्वतः फिरतो, त्यामुळे त्याचा बाक प्रत्येक फेऱ्यात वरखाली होतो. हाउसिंग जागेवर असतं, त्याचा बाकही जागेवरच राहतो. वाकलेल्या फ्लँजमुळे वेगात मागून थरथर येते, ड्रमही लडबडतो आणि ब्रेक मारताना पायाखाली पेडल धडधडू शकतं. हाउसिंग वाकलं असेल तर टायर एका कडेनं खातं, त्या बाजूचं सील पुन्हा पुन्हा गळतं, बेअरिंग टिकत नाही आणि मागून बघितलं तर गाडी तिरकी चालल्यासारखी वाटते.

पण थांबा, याच तक्रारी दुसऱ्या कारणांनीही येतात आणि नवखा मेकॅनिक नेमका इथंच गिऱ्हाइकाला भलत्या खर्चात घालतो. रिम वाकलेली असू शकते, म्हणून आधी चाकं आलटूनपालटून बघा. सील गळतंय तर हाउसिंगवरचा ब्रीदर चिखलानं बुजलाय का बघा. आतली गरम हवा बाहेर जाऊ शकली नाही की ऑइल सीलमधून वाट काढतं. पाण्यातून गाडी घालणाऱ्यांच्या बाबतीत तर ही पहिली तपासणी. आणि गाडी तिरकी चालत असेल तर पाट्यांचा सेंटर बोल्ट बघा. तो तुटला की सगळा एक्सल पाट्यावर मागेपुढे सरकतो. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा, फरक लगेच कळतो. पन्नास-शंभर रुपयांचा बोल्ट असतो तो. २०२० नंतरच्या थारला मागं पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आणि लिंक आहेत. तिथं आधी लिंक आणि बुश तपासायचे.

मोजमापाला फार भांडवल लागत नाही. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना ठोकळे, मागं जॅक आणि खाली भक्कम घोडी. (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणारा माणूस माझ्या व्हिडिओत मी कधी दाखवणार नाही.) चाक काढा, ड्रम काढा, चुंबकी स्टँडवर डायल गेज लावून फ्लँजच्या तोंडावर टेकवा आणि शाफ्ट हळू फिरवा. काटा किती हलतो ते लिहून घ्या. मर्यादा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायची. ही मिलिमीटरच्या अपूर्णांकांची गोष्ट आहे, "डोळ्यानं सरळ दिसतंय" याला इथं किंमत नाही.

हाउसिंगसाठी चार चाकं मोजणाऱ्या व्हील अलाइनमेंटवाल्याकडे गाडी न्या. तो म्हणेल, "मागचं ॲडजस्ट होत नाही, कशाला बघायचं?" बरोबर आहे त्याचं, होत नाही. पण आपल्याला ॲडजस्ट करायचंच नाही, कागद पाहिजे. अखंड एक्सलला मागचा कॅम्बर आणि टो शून्याच्या आसपास असायला हवा. एका बाजूचा आकडा ठळक वेगळा आला की हाउसिंग तिकडं वाकलंय. तो छापील कागद गिऱ्हाइकासमोर ठेवला की निम्मी घासाघीस संपते.

आता मुख्य प्रश्न. शाफ्ट वाकला असेल तर माझं मत सरळ आहे: बदला. हा शाफ्ट साधी सळी नव्हे. पोलाद ठोकून घडवलेलं असतं आणि बहुधा वरचा थर उष्णतेनं कडक केलेला असतो, आत चिवट गाभा. गार असताना प्रेसखाली सरळ केला तर त्या कडक थराला केसाएवढ्या चिरा पडू शकतात, ज्या डोळ्याला दिसत नाहीत. गॅसनं तापवून सरळ केला तर कडकपणाच जातो. दोन्हीकडे शाफ्ट सरळ दिसेल, गिऱ्हाईक खूश होऊन जाईल आणि तुटायची वेळ मात्र तुमच्या हातात राहणार नाही. शाफ्टसोबत बेअरिंग, सील आणि बेअरिंगची रिटेनर रिंगही नवीन घ्या. रिंग दाबून बसवलेली असते, ती एकदा काढली की पुन्हा वापरायची नाही. ब्रेक लायनरला ऑइल लागलं असेल तर तेही बदला, पेट्रोलनं पुसून चालत नाही.

हाउसिंगचं गणित वेगळं. थोडा बाक असेल आणि कुठं चीर नसेल तर ते सरळ करता येतं, पण ते पेठेच्या बोळात घण मारून करायचं काम नाही. त्यासाठी मोठी प्रेस, आतून जाणारा मोजणीचा सरळ बार आणि अनुभवी हात लागतो. आपल्या कोल्हापूरचं भाग्य असं की शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि मशीन शॉप हाकेच्या अंतरावर आहेत. प्रेस विकत घेऊन भांडवल अडकवू नका, जॉबवर करून घ्या. फक्त काम देताना आणि परत घेताना दोन्ही वेळा मोजमाप लिहून घ्या. नळ्याला चीर गेली असेल, किंवा नळा मधल्या ओतीव गोळ्यातून हलला असेल, तर हाउसिंग बदलायचं. जुन्या मालातलं घेणार असाल तर बसवण्याआधी तेही मोजा. ती गाडी भंगारात कशामुळे गेली कुणास ठाऊक!

पैशाचं बघू. आकडे गृहीत आहेत, फक्त हिशोब समजावा म्हणून. शाफ्ट सरळ करून दिल्यावर एका कामाला २,००० रुपये सुटतात असं धरा. पाच कामांचे १०,०००. त्यातलं एक परत आलं, तर फुकट मजुरी, दिवसभर अडलेली जागा आणि स्वतःच्या खिशातलं बेअरिंग-सील मिळून ४,५०० गेले. उरले ५,५००. नवीन शाफ्ट घालून मजुरी आणि पार्टवरचं मार्जिन मिळून २,६०० सुटले, तर पाच कामांचे १३,०००. शिवाय तपासणीचे ५०० वेगळे घ्या. काम तुमच्याकडेच केलं तर बिलातून वजा करा, नाही केलं तर तुमच्या दोन तासांचे पैसे वसूल. आणि परत आलेल्या गाडीची बातमी पेठेतल्या कट्ट्यावर संध्याकाळपर्यंत पोचते, तो तोटा या हिशोबात धरलेलाच नाही.

कागदाचं थोडक्यात सांगतो. गिऱ्हाईक विमा मागणार असेल तर सर्व्हेअरनं बघेपर्यंत एक्सल उघडू नका, आधी फोटो काढा. गाडी संघटित शर्यतीत किंवा रिलायबिलिटी ट्रायलमध्ये उतरवली असेल तर नेहमीच्या मोटार पॉलिसीत ते बसत नाही, मालकाला हे आधीच सांगा. दुसऱ्या मॉडेलचा एक्सल बसवून मोठे टायर घालायची हौस कुणी घेऊन आलं तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आठवा: आरसी बुकातल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी तुमच्याही गॅरेजला लागू आहे. त्यामुळे "नवीन नको, सरळच करा" असा हट्ट धरणाऱ्याकडून सही घेतली की आपण सुटलो, असं समजू नका. शाफ्टच्या बाबतीत तिथं नम्रपणे नाही म्हणायचं: "दादा, हे काम मी करत नाही, तपासणीचा कागद घेऊन जावा."

काम झाल्यावर जुना शाफ्ट गोणपाटात गुंडाळून मालकाच्या हातात द्या, नव्या बिलाला त्यानं फार उत्तर मिळतं. पाट्यांचे यू-बोल्ट नवीन घाला, टॉर्क रेंचनं मॅन्युअलप्रमाणे आवळा आणि जॉब कार्डवर तारीख टाकून ठेवा: ५०० किलोमीटरनंतर फोन करायचा, गाडी बोलावून यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, सीलखाली बोट फिरवून बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे घेऊ नका.